माझ्या नावावर मामांचा श्वास

मंडबेरा, क्वीन्सलंड
रविवार, १२ मे

प्रिय मामी,

विलिकेसाचा नमस्कार. मी, मामा आणि इमोसी, आम्ही तिघेही सुखरूप आहोत. तू पाठवलेली चटई पोचली. मामांनी ती लगेच स्वतःच्या खाटेपाशी अंथरली आणि म्हणाले, "आता पाय जमिनीवर टेकले." गावात सगळे बरे असतील, तुझा गुडघा दुखायचा थांबला असेल, अशी आशा करतो. फोनवर तू बोलतेस तेव्हा शेजारची चार माणसं ऐकत असतात, म्हणून मी लिहितो. लिहिलेलं मला दोनदा तपासता येतं, हेही एक कारण आहे.

इथे थंडी सुरू झाली. सकाळी संत्र्यांवर इतकं दव असतं की पहिला तासभर तोडणी करूच देत नाहीत. ओलं फळ हाताळलं की सालीवर डाग उठतो. तेवढा वेळ सगळे पत्र्याच्या डब्यात जाळ करून शेकत बसतात, हसतात, गातात. मी बसलो की झोपतो. म्हणून मी बसत नाही, उभाच राहतो.

तू आजाराचं विचारलंस, ते नीट लिहितो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, शरीर घाबरून अर्धवट जागं होतं आणि परत झोपतं. आपल्याला यातलं काहीच कळत नाही. अंगाला वायरी लावून तपासलं तेव्हा माझा श्वास तासाला एकेचाळीस वेळा अडत होता. रात्र झोपून काढली तरी सकाळी माणूस रात्रभर वल्हं मारल्यासारखा उठतो. माझी मान शेहेचाळीस सेंटिमीटर भरली. लिनेट नावाची नर्स आहे, ती म्हणाली, "रग्बीत पुढच्या रांगेत खेळायचास ना? अशा माना मी ओळखते."

त्यांनी मला श्वासाचं यंत्र दिलं आहे. पावाच्या लादीएवढी पेटी, तिला नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बांधायचा मास्क. ते रात्रभर हवा आत ढकलतं, घसा मिटू देत नाही. आत फोनसारखी चिप आहे. किती तास वापरलं, श्वास किती वेळा अडला, सगळे आकडे रोज सकाळी आपोआप लिनेटकडे जातात.

बाकीच्या सूचना मी वहीत लिहून घेतल्या. उताणं झोपायचं नाही. (सदऱ्याच्या पाठीवर टेनिसचा चेंडू शिवून घेतला आहे. इमोसी म्हणतो, "देवमाशाला उशिरा पंख फुटला.") दुपारी पोटभर जेवायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं मोजून डुलकी काढायची. कॉफी फक्त सकाळी. डोळे मिटत असतील तर गाडी चालवायची नाही. आणि रात्री यांगोना प्यायची नाही, मुळीच्या त्या पाण्याने घसा आणखी ढिला पडतो. मी "हो" म्हणालो. पण मामा वाटी पुढे करतात तेव्हा माझे हात रीतीची टाळी वाजवून आपोआप पुढे होतात. ते कसं थांबवायचं हे वहीत लिहिलेलं नाही.

गाडीचं तुला माहीत आहे. बाग मुक्कामापासून चौतीस किलोमीटर आहे. आपल्या टोळीतल्या अकरा जणांना न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आहे, कारण परवान्याच्या लेखी परीक्षेत माझी एकही चूक झाली नाही. मी दहावीत शाळा सोडली, पण वाचलेलं विसरत नाही. मामांनी तो निकाल अजून पाकिटात ठेवला आहे. मात्र आता परवाना डॉक्टरांच्या कागदावर टिकून आहे. यंत्र रोज वापरतो आहे असं दिसलं, तरच गाडी.

सकाळी जाताना त्रास होत नाही. परतीचे तीन वाजलेले असतात, ऊन समोरच्या काचेतून थेट डोळ्यांवर येतं, मागे सगळे डुलक्या घेतात आणि झोप तर जांभईसारखी पसरते. मी गालात कच्ची मिरची ठेवतो. मानेवर ओलं फडकं ठेवतो. तेराचा पाढा उलटा म्हणतो. इमोसी माझ्या डाव्या बाजूला बसतो. त्याने हे काम स्वतःहून घेतलं आहे.

"डोळे उघड, भाऊ. माझं लग्न व्हायचंय अजून."

"तुझ्याशी कोण करतंय?"

"तू गाडी सरळ चालव, मी मुलगी सरळ करतो."

मामेभाऊ-आतेभाऊ एकमेकांची टर उडवणार नाहीत तर कोण उडवणार? पण तो बोलत राहिला की मी जागा राहतो. परवा मी बागेत शिडीवर उभ्या-उभ्या पेंगलो, तेव्हा तो खालून ओरडला, "अरे, त्याला पिकलं समजून कुणीतरी तोडेल!" सगळे हसले. मीही हसलो.

आता मामांचं. तू म्हणालीस की फोनवर त्यांचा आवाज तरुण झालाय. त्याचं कारण सांगतो, पण कुणाला बोलू नकोस. यंत्र आणल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मामा खाटेच्या कडेला डोकं धरून बसले होते. त्यांचं घोरणं तुला माहीतच आहे. ते म्हणाले, "विली, तुझं ते नळीचं यंत्र बरं दिसतं."

एवढंच म्हणाले. आपल्यात मोठं माणूस एखाद्या वस्तूला बरी म्हणालं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मी ते उचललं आणि त्यांच्या उशाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते जागे झाले आणि सगळ्या खाटांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही, मामा."

"मग एवढं शांत का वाटतंय?"

आतापर्यंत त्यांनी सकाळ अशी पाहिलीच नव्हती. इमोसी म्हणाला, "बाबा, तुमच्या नाकाला वाम चावलीय," तर रागावलेसुद्धा नाहीत. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांपेक्षा दोन पेट्या जास्त भरल्या. माझ्यासारखीच तपासणी त्यांनीही करून घ्यावी, असं मी एकदा हळूच सुचवलं. ते म्हणाले, "म्हातारा आजारी निघाला की पहिल्या विमानानं घरी." इथे सगळ्यांना तीच भीती असते.

शुक्रवारी लिनेटचा फोन आला. "विली, रोज सात-सात तास! आणि श्वास जवळपास अडतच नाही! माझ्या यादीत तू पहिला आहेस, बाळा." डॉक्टरांनी तीन महिन्यांचा कागद दिला. शाबासकी मी घेतली. ती कुणाची होती, हे फोनवर सांगता आलं नाही.

काळजी करू नकोस. मिरच्या आहेत, इमोसी आहे. मामा चार महिने नीट झोपले तर त्यांचं आयुष्य वाढेल. मी तरुण आहे, माझं निभेल.

तुझा,
विली


मंडबेरा
रविवार, २३ जून

प्रिय मामी,

नमस्कार. हे पत्र इमोसीच्याच हाती पाठवतो आहे. तू ते उघडशील तेव्हा तो तुझ्यासमोर असेल, म्हणून त्याची तब्येत कशी आहे ते मी लिहायला नको. पण औषधांचं तो विसरेल, ते लिहितो.

पांढरी गोळी सकाळी आणि संध्याकाळी, खाल्ल्यावर. पिवळी फक्त दुखलं तर, दिवसात चारच्या वर नाही. लाल-पांढरी कॅप्सूल आणखी सहा दिवस, एकही चुकवायची नाही, बरं वाटलं तरी. पट्टी दिवसाआड बदलायची. आधी हात साबणाने धुवायचे, पाणी उकळून गार केलेलं. समुद्राच्या पाण्यात हात घालू द्यायचा नाही, तो म्हणेल मीठ चांगलं असतं, ऐकायचं नाही. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाचवता आलं नाही. मनगट किती वाकेल ते सहा महिन्यांनी कळेल. रोजचा व्यायाम वेगळ्या कागदावर चित्रं काढून दाखवला आहे.

गिटारचं त्याच्यासमोर काढू नकोस. तोच काढेल. विमानतळावर निघताना म्हणाला, "उरलेल्या बोटांत अर्धी गाणी बसतात. नाहीतरी तुम्हाला अर्धीच यायची."

कसं झालं ते मामांनी तुला फोनवर सांगितलंच आहे. अकरा जूनला परतताना गाडी डावीकडे रस्त्याखाली उतरली आणि कुंपणाला घासत गेली. इमोसीचा हात खिडकीबाहेर होता. बाकी कुणाला फारसं लागलं नाही. पोलिसांच्या कागदावर कांगारू आडवा आला असं लिहिलं आहे.

सध्या आमचा मुकादम ब्रेंट स्वतः गाडी चालवतो. नवी गाडी आली की परत माझ्याकडे देणार म्हणाला. मला कुणी बोललं नाही. उलट सगळे पाठीवर हात ठेवतात.

यापेक्षा जास्त आज लिहिता येत नाही. प्रार्थनेत इमोसीचं नाव घेतो.

विलिकेसा


मंडबेरा
रविवार, ११ ऑगस्ट

प्रिय मामी,

नमस्कार. हे पत्र आधी तू एकटीने वाच. मंगळवारी आपल्या टोळीतला आपाकुकी तीन आठवड्यांसाठी गावी जातो आहे, त्याच्या हाती पाठवतो. त्याला आतलं काही माहीत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, पोलिसांच्या कागदावर कांगारू लिहिला आहे. ते वाक्य मी चारदा खोडून लिहिलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता आणि ते पूर्ण खोटं होतं.

त्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पुलानंतर आठ किलोमीटर सरळ रस्ता लागतो. मिरची संपली होती. इमोसी पाठीमागे वळून मागच्यांना संत्री वाटत होता, डावा हात खिडकीच्या काठावर. त्याने विचारलं, "जागा आहेस ना रे?"

मी म्हणालो, "जागा आहे."

तेव्हा मी जागा होतो. त्यानंतर मला आठवतात ते कुंपणाचे खांब, अगदी जवळून, एकामागोमाग एक, आणि इमोसीचा आवाज. मधलं काहीच नाही. झोप लागते तो क्षण कुणालाच कळत नाही, मामी, पण ती लागणार आहे हे कळतं. मला ते पुलाच्या आधीपासून कळत होतं. थांबावं असं वाटलं होतं. पण थांबलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, यंत्र वापरून अजून झोप कशी येते? मग मामांकडे बघावं लागलं असतं. म्हणून थांबलो नाही.

रस्त्यात कोणीही नव्हतं. कांगारू मामांनी आणला.

पोलीसबाई आली तेव्हा रुग्णवाहिका इमोसीला घेऊन गेली होती. मामांच्या सदऱ्यावर त्याचं रक्त होतं. तिने विचारलं, काय झालं? माझं तोंड उघडण्याआधी मामा म्हणाले, "कांगारू. मोठा होता."

ती म्हणाली, "तीन वाजता? एवढ्या उन्हात? या वेळी ते झाडाखाली पडून असतात."

मामा म्हणाले, "हा उठला होता."

आपल्या बेटावर कांगारू कुठे आहेत, मामांना काय माहीत ते दुपारी काय करतात! ती माझ्याकडे वळली. "तू पाहिलास?" मी मान हलवली. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि लिहून घेतलं.

मामांनी काय पाहिलं ते मला दोन दिवसांनी समजलं. ते माझ्या मागच्याच रांगेत बसतात. आठवडेच्या आठवडे नीट झोपल्यामुळे दुपारी त्यांना पेंग येत नाही. त्या गाडीत पूर्ण जागा आणि समोर बघणारा माणूस एकच होता, आणि ते मामा होते. समोरच्या आरशात त्यांनी माझे मिटलेले डोळे पाहिले असणार. ओरडेपर्यंत गाडी खाली उतरली होती.

तेरा जूनला मी बागेतून परतलो तर यंत्र माझ्या उशाशी होतं. नळी नीट गुंडाळलेली, मास्क धुऊन पुसलेला. आपल्यात दिलेली वस्तू परत मागत नाहीत आणि घेतलेली परत करत नाहीत. त्यांनी ती परत केली, त्यावरून मला सगळं कळलं.

त्या रात्रीपासून मी यंत्र लावून झोपतो. आठवड्याभरात डोकं स्वच्छ झालं. दुपारचे तीन वाजतात आणि मी जागा असतो, मिरची नको, फडकं नको. हे किती सोपं होतं ते आता रोज तीन वाजता कळतं. आणि मामा पुन्हा सकाळी डोकं धरून बसतात. परवा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांचे डोळे मिटताना मी पाहिले. खाली धावत जाऊन शिडी धरली. ते म्हणाले, "सोड. मी काही लहान नाही."

तू फोनवर म्हणालीस, इमोसी गावभर कांगारूची गोष्ट सांगतो, रोज तो कांगारू हातभर वाढतो, मुलं हसून लोळतात. ते ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझं खोटं तो स्वतःच्या तुटलेल्या हाताने नाचवून दाखवतो आहे.

नवी गाडी आली. ब्रेंटने गेल्या सोमवारी किल्ली माझ्या हातात ठेवली. "पुढच्या सोमवारपासून तू. कांगारू बघून चालव हं!" म्हणजे उद्यापासून. डॉक्टरांचा कागद मात्र नवा लागत होता, म्हणून मंगळवारी लिनेटकडे गेलो.

तिने पडदा माझ्याकडे फिरवला. एक लांब रेघ होती, मधेच एका जागी उडी मारून वर गेलेली.

"हे बघ बाळा. पहिल्या तीन-चार रात्री सोडल्या तर इथपर्यंत यंत्राला आठचा दाब पुरत होता. इथून पुढे चौदा लागतो. माणसाचा घसा एका रात्रीत बदलत नाही."

तिने उडीच्या जागेवर बोट ठेवलं.

"इथपर्यंत एक माणूस झोपलाय आणि इथून पुढे दुसरा. तेरा जून. काय झालं तेरा जूनला?"

मी सांगू शकलो असतो की वजन वाढलं, सर्दी झाली, मास्क सैल होता. सगळी वाक्यं तयार होती. मला वाटतं तिनेही ती मानून घेतली असती. मी विचारलं, "खरं सांगितलं तर कुणाला कळवावं लागतं?"

"डॉक्टरांना. ते गाडी बंद करतील. शिक्षा म्हणून नाही, विली."

मग मी सांगितलं. नळीपासून खांबापर्यंत. शेवटी तिने जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती. "आणि तो पहिला माणूस? त्याला किती बरं वाटत होतं ते या रेघेत दिसतंय. त्याला आता काय मिळतंय?"

मी मामांचं नाव सांगितलं. मामी, तुझ्या नवऱ्याचं नाव त्यांना न विचारता मी दवाखान्यात दिलं. हाही माझाच अपराध, पण तो मी पुन्हा करीन.

बुधवारी ब्रेंटपुढे किल्ली ठेवली. त्याने विचारलं, "म्हणजे कांगारू नव्हताच?"

"नव्हता."

"इथं जन्मलेल्या कुणालाच तो पटला नव्हता," तो म्हणाला. "पोलिसांना मी फोन करू की तू जातोस?"

मी गेलो. तीच बाई होती. तिने जुना कागद काढला, त्यावर रेघ ओढली आणि नवा लिहायला घेतला. पुढे काय होईल ते पत्राने कळवणार आहेत. परवाना गेला. मला परत पाठवतील की नाही, अजून कुणी सांगत नाही. मामांवर काही येऊ नये म्हणून मी लिहून दिलं की त्यांनी माझ्यासाठी तसं सांगितलं. ब्रेंटने मामांना सांगितलं आहे की तपासणी करून घेतली म्हणून कुणाला घरी धाडणार नाहीत. मामांचा विश्वास बसत नाही. तुझ्या सांगण्याने बसेल. त्यांची तारीख एकोणीस ऑगस्ट, सकाळी दहा. तू सांगितलंस तरच ते जातील.

काल दुपारी मी आपल्या रीतीने क्षमा मागायला मामांपुढे गेलो. नवा सदरा, नवा सुलू नेसून. दुकानातून यांगोनाच्या पुडीचं पाकीट आणलं होतं, ते दोन्ही हातांनी पुढे धरून गुडघ्यांवर बसलो. ओसरीवर बाकीचे पत्ते खेळत होते, ते उठून आत गेले.

मी सुरुवात केली. मामांनी हात वर केला.

"तू नाही म्हणायचं होतंस."

"कधी, मामा?"

"मी यंत्राला बरं म्हणालो तेव्हा. म्हणायचं होतंस, मामा, माझा जीव त्याच्यावर आहे. माझ्या पोराचा हात राहिला असता."

"तुम्हाला नाही कसं म्हणायचं, मामा? ते मला कुणी शिकवलंच नाही."

मग चेहरा फिरवून म्हणाले, "मीच शिकवलं नाही." त्यांचे खांदे हलत होते. मी मान खाली घातली. मोठं माणूस रडताना बघायचं नसतं.

पाकीट त्यांनी घेतलं नाही. पायाने हळूच माझ्याकडे सरकवलं. "हे माझ्यापुढे ठेवू नकोस. मीच यात अर्धा आहे. ज्याचा हात गेला त्याच्यापुढे ठेव. आणि दुकानातली पूड नको."

म्हणून हे पत्र, मामी.

ओढ्याकाठच्या उतारावर मी लावलेली यांगोनाची झाडं आहेत. सगळ्यात वरच्या रांगेत, पपईच्या उजव्या हाताला, एक सात वर्षांचं आहे. माझी आई गेली त्या वर्षी लावलेलं. ते उपट. मूळ तुटू देऊ नकोस, चारी बाजूंनी खणून काढ, माती धू आणि फांद्यांसकट आख्खं घरात आण. ते इमोसीपुढे ठेवायचं आहे. माझ्या बाजूने बोलायला माणूस लागतो. बाईमाणसाने हे बोलायचं नसतं असं गाव म्हणेल, आणि तू तर ज्याचं नुकसान झालं त्याची आई. तुला माझ्या बाजूने बसायला सांगणं हे काय आहे ते मला कळतं. पण आई गेल्यापासून माझी बाजू म्हणजे तूच होतीस. दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या मनात आलं नाही. तुला जमणार नसेल तर झाड उपटू नकोस, आणि तसं लिही.

बसलीस तर एवढं कर. माझा आजार सांगू नकोस. यंत्राचं, मामांचं, मिरच्यांचं काही सांगू नकोस. ते त्याला नंतर कळेल, त्याने विचारलं तर. आधी नुसतं हे वाच, मोठ्याने, जसंच्या तसं:

"इमोसी, रस्त्यात काहीही नव्हतं. विलिकेसा गाडी चालवताना झोपला. झोप येणार हे त्याला माहीत होतं आणि त्याने गाडी थांबवली नाही. तुझा हात त्याच्यामुळे गेला. नंतर दोन महिने त्याने तुला खोटं बोलू दिलं."

मग थांब. लगेच काही बोलून त्याला सोपं करू नकोस. तो मुळाला हात लावून क्षमा मान्य करेल किंवा उठून जाईल. उठून गेला तर झाड समुद्रात टाक, त्याच्या मागे जाऊ नकोस, त्याची समजूत काढू नकोस. त्याला रागावण्याचा हक्क आहे, तो कुणी काढून घेऊ नये.

काय झालं ते मला लिही. वाईट असलं तरी लिही, एका ओळीचं असलं तरी लिही. आपाकुकीला परत यायला तीन आठवडे आहेत, तोवर मी वाट पाहतो.

क्षमा मागून वाट पाहणारा,
विलिकेसा